आधीची सूचना आणि नंतरची सबब



आजच्या निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘स्त्रीआरोग्याचा एक प्रश्न’ असा छापलेला आपण पाहिला असेल. मी व्याख्यानमालेच्या चालकांना कळविलेला विषय तो नव्हता. मी लिहिले होते, ‘गर्भनिरोधक गोळी सुरू करताना होणारा अनियमित रक्तस्राव’. पत्र पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी चिटणीसांचा दूरध्वनी आला आणि अत्यंत आर्जवाने, मधूनमधून खाकरत, त्यांनी विचारले की पत्रिका घरोघर जाते, वडीलधाऱ्यांच्या हाती पडते, तेव्हा शब्द जरा सौम्य करता येतील काय? मी म्हटले, खुशाल करा. एक तर ते गृहस्थ मनाने निर्मळ आहेत, आणि दुसरे असे की त्यांच्या त्या खाकरण्याने माझ्या व्याख्यानाची प्रस्तावना आयतीच झाली होती. ज्या विषयाचे नाव पत्रिकेवर छापता येत नाही, तो विषय दवाखान्याच्या खिडकीशी उभी असलेली बाई कोणत्या शब्दांत मांडत असेल, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी तो विचार आयुष्यभर केला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्या कार्यापायी प्राध्यापकाची नोकरी घालविली, आणि जुलै १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरास खार लावून चालविले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्या खटल्यातील गुन्हा कोणता होता, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. गुन्हा एवढाच, की वाचकांनी प्रश्न विचारले आणि संपादकाने त्यांची उत्तरे छापली. ज्या गोळीविषयी मी आज बोलणार, ती मात्र त्यांच्या हाती कधी आली नाही. तिचे एक मूळ द्रव्य मेक्सिको शहरातील प्रयोगशाळेत सिद्ध झाले ते १५ ऑक्टोबर १९५१ रोजी, आणि कर्वे निवर्तले १४ ऑक्टोबर १९५३ रोजी. म्हणजे दोन वर्षांना एक दिवस कमी, इतकाच काळ ते द्रव्य आणि हा गृहस्थ एका वेळी या जगात होते. गोळी त्यांच्या हाती पडती तर त्यांनी तिचे स्वागत केले असतेच, यात मला शंका नाही. पण त्याच अंकात, त्याच पानावर, तिचे उपद्रवही छापले असते, याविषयी तर मला तिळमात्र शंका नाही.

आता एक हकीकत सांगते. तीत चूक माझी आहे, आणि म्हणूनच ती आधी सांगते.

पस्तीसएक वर्षांपूर्वी, माझ्या उमेदवारीच्या काळात, मी एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात होते. ‘माला-एन’ या गोळ्यांची पाकिटे तेव्हा आमच्याकडे फुकट वाटण्यासाठी येत असत. एकवीस पांढऱ्या गोळ्या, सात तपकिरी गोळ्या. चोवीस-पंचवीस वर्षांची, दोन लेकरांची आई असलेली एक बाई आली. तिला तपासून, रक्तदाब पाहून, पाकीट हाती दिले आणि शिरस्त्याप्रमाणे सांगितले, ‘पाळीच्या पाचव्या दिवसापासून रोज रात्री एक.’ रजिस्टरावर अंगठा घेतला. दुसरी आत आली.

ती बाई काही आठवड्यांनी परत आली, आणि गर्दी ओसरेपर्यंत भिंतीशी उभी राहिली. मग पदराची गाठ सोडून तिने ते पाकीट माझ्या टेबलावर ठेवले. अकरा पांढऱ्या गोळ्यांची घरे रिकामी होती. दहा पांढऱ्या आणि सातही तपकिरी जागच्या जागी होत्या. म्हणाली, ‘सरकारी माल हाय बाई. दुसरीला व्हईल.’ काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाली, ‘डाग दिसतुया.’ किती दिवस? सहा दिवस. मी डॉक्टरी सवयीने पुढचा प्रश्न केला, थोडा की पुष्कळ? तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेले नाही. म्हणाली, ‘डागाला थोडं-पुष्कळ काय असतं, बाई?’

श्रोतेहो, त्या एका वाक्यात जे होते ते माझ्या पाच वर्षांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात नव्हते. मी मोजीत होते रक्त, आणि ती मोजीत होती दिवस. तिच्या घरी बाईने चार दिवस बाजूला बसायचे, चुलीला हात लावायचा नाही, पाण्याच्या हंड्याला शिवायचे नाही, असा रिवाज होता. आणि त्या रिवाजाच्या दफ्तरात थेंबाला आणि धारेला एकच दर होता. पंधरवड्यात हिला दुसऱ्यांदा कावळा कसा शिवला, हा प्रश्न सासूने विचारला. सहा दिवस झाले तरी ही उठत का नाही, हा प्रश्न शेजारणीने विचारला. आणि जी गोळी तिने सगळ्यांच्या अपरोक्ष, धान्याच्या कणगीमागे लपवून घेतली होती, तिचा बोभाटा त्या पाच-सहा थेंबांनी केला. मी तिला सांगितले की यात भिण्यासारखे काही नाही, पहिल्या दोन-तीन महिन्यांत असे होते, आपोआप थांबते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग हे तवाच का नाही सांगितलं?’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. जे मी आधी सांगितले असते तर सूचना ठरली असती, ते नंतर सांगितल्यामुळे सबब ठरले. शब्द तेच, खुलासा तोच, शास्त्रही तेच. पण आधी आणि नंतर यांत जे अंतर पडले, त्यात तिचा माझ्यावरचा इतबार गेला. ती पुन्हा आली नाही. आज मला जे काही सांगायचे आहे ते या एका अंतराविषयी आहे.

पण प्रथम हे होते का, ते पाहू. आपल्या भाषेत ‘पाळी’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. पाटाच्या पाण्याचीही पाळी असते. आज या शेताची, उद्या त्या शेताची. पाळी सोडून पाणी आले की बांधावर भांडण ठरलेलेच. रक्ताचेही तसेच. त्याच्या असण्याला कोणी घाबरत नाही. ते पाळी सोडून आले की घाबरतात.

गर्भाशयाच्या आतील अस्तराची कल्पना करायची तर जुन्या घरातील सारवलेली भिंत डोळ्यांसमोर आणावी. महिन्याच्या पूर्वार्धात ईस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक या भिंतीवर मातीचे थर चढवीत असते. उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन येते आणि तो थर बांधून, मऊ करून, गर्भाच्या स्वागतास सिद्ध करते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरके एकदम ओसरतात आणि सगळे सारवण एका वेळी गळून पडते. हीच मासिक पाळी. सर्व भिंत एकदम गळते म्हणूनच तिला आरंभ असतो आणि शेवटही असतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता गोळी काय करते? गोळीत दोन्ही जातींची कृत्रिम संप्रेरके पहिल्या दिवसापासून एकत्र असतात, आणि त्यांत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे द्रव्य वरचढ असते. बीजकोशातून बीज सुटणे ते थांबविते. आणि त्याबरोबरच भिंतीवर जाड थर चढूच देत नाही. पूर्वीचे जाड सारवण जाऊन तेथे हळूहळू एक पातळ, दबलेला थर येतो. हा फेरबदल एका रात्रीत होत नाही. जुन्याचे पोपडे कुठे निघतात, कुठे राहतात. नव्या पातळ थराच्या पृष्ठभागाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक असतात, त्यांच्या भिंती पातळ असतात, आणि त्यांतील एखादी आज येथे, एखादी परवा तेथे फुटते. सगळी भिंत एका वेळी गळत नसल्याने या स्रावाला ना निश्चित आरंभ, ना निश्चित शेवट. कधी कपड्यावर तपकिरी ठिपका, कधी दोन दिवस बारीक धार, मग चार दिवस कोरडे, मग पुन्हा ठिपका. नव्या थराची घडी बसली की बहुतेक स्त्रियांचे हे आपसूक थांबते. मिश्र गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात शंभरातील दहा ते तीस स्त्रियांना असे डाग दिसतात. तिसऱ्या महिन्याअखेर ही संख्या सामान्यतः दहांच्या आत येते. नुसत्या प्रोजेस्टेरॉन जातीच्या गोळीत किंवा तीन महिन्यांनी घेण्याच्या इंजेक्शनात, जे आपल्याकडे ‘अंतरा’ या नावाने दिले जाते, अस्तराला धरून ठेवणारा ईस्ट्रोजेनचा हात नसल्यामुळे, हा अनियमितपणा अधिक असतो आणि अधिक काळ टिकतो.

येथे कोणी विचारील, की डाग पडला म्हणजे गोळी लागू पडली नाही, असे समजायचे काय? नाही. गोळी रोज, न चुकता घेतली जात असेल तर डागामुळे गर्भनिरोधनात उणेपणा येत नाही. बीज सुटण्याचा कारभार निराळा आणि भिंतीच्या सारवणाचा कारभार निराळा. हे वाक्य कृपा करून घरी घेऊन जा. कारण डाग दिसताच ‘ही गोळी आपल्याला सोसत नाही आणि उपयोगही करत नाही’ असे ठरवून जी स्त्री मधेच थांबते, तिचे संरक्षण खरोखर जाते, आणि ते डागाने जात नाही, थांबण्याने जाते.

आता थोडा इतिहास. तो मला फार प्रिय आहे, म्हणून चार वाक्ये अधिक झाली तर क्षमा असावी.

१९४० नंतरच्या दशकात रसेल मार्कर नावाच्या एका विक्षिप्त अमेरिकन रसायनज्ञाने मेक्सिकोच्या रानातील कंदापासून प्रोजेस्टेरॉन तयार करण्याची युक्ती काढली. त्या पायावर मेक्सिको शहरातील सिंटेक्स या कंपनीत कार्ल जेरासी, जॉर्ज रोझेनक्रांझ आणि लुईस मिरामोंतेस यांनी नॉरएथिस्टेरोन सिद्ध केले. तिकडे अमेरिकेत सर्ल कंपनीत फ्रँक कोल्टन यांनी त्याचेच भावंड म्हणावे असे नॉरएथिनोड्रेल तयार केले. ग्रेगरी पिंकस हे शरीरशास्त्रज्ञ, त्यांचे सहकारी चँग, बॉस्टनचे कॅथॉलिक स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक, पैसा कॅथरीन मॅकॉर्मिक या विदुषीचा, आणि तगादा मार्गारेट सँगर यांचा. याच सँगरबाई १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास येऊन गांधीजींशी वाद घालून गेल्या होत्या. असा हा मेळ जमला, आणि १९५६ मध्ये प्वेर्तो रिको बेटावरील रिओ पिएद्रास येथील वस्तीत गोळीची पहिली मोठी चाचणी सुरू झाली.

या चाचण्यांच्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. सुरुवातीच्या नॉरएथिनोड्रेलमध्ये मेस्ट्रानॉल नावाच्या ईस्ट्रोजेनची अल्पशी भेसळ आहे, असे कंपनीच्या ध्यानी आले. ही भेसळ कोणी हेतुपूर्वक केलेली नव्हती. ती बनविण्याच्या प्रक्रियेत राहून गेली होती. रसायनज्ञ ते, त्यांना भेसळ कशी खपणार? त्यांनी द्रव्य शुद्ध केले. आणि द्रव्य शुद्ध होताच स्त्रियांचे अवेळी रक्त जाणे वाढले! तेव्हा कुठे उमगले की ती भेसळच अस्तराला धरून ठेवीत होती. मग तीच भेसळ मोजून मापून पुन्हा घालण्यात आली, आणि दहा मिलिग्रॅमच्या त्या पहिल्या ‘एनोव्हिड’ गोळीत दीडशे मायक्रोग्रॅम मेस्ट्रानॉल कायमचे दाखल झाले. अस्तरावर ईस्ट्रोजेनचे काम काय, हे शास्त्रज्ञांना असे त्या डागांनी शिकविले. गोळीची घडण ठरविणाऱ्यांच्या यादीत या अनाम बायकांच्या डागांचे नाव असायला हवे होते, असे मला नेहमी वाटते.

पण त्याच चाचणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथील डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी अहवाल दिला की गोळी गर्भ रोखते हे खरे, परंतु शंभरातील सतरा बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या असे त्रास होतात, आणि सरसकट वापरासाठी हे प्रमाण फार आहे. हा अहवाल एका स्त्री-डॉक्टरने, स्त्रियांच्या जबान्यांवरून केलेला होता. पिंकस यांनी त्याची वासलात कशी लावली? त्यांच्या मते हे त्रास बव्हंशी मनाचे खेळ होते. पाहा, रक्त दिसले तेव्हा ते मानले गेले, कारण ते कपड्यावर दाखविता येत होते. चक्कर सांगितली तेव्हा ती मानली गेली नाही, कारण तिला बाईच्या शब्दाखेरीज दाखला नव्हता. आमच्या व्यवसायाची ही खोड जुनी आहे, आणि ती अमेरिकेतच होती असे मुळीच नाही.

गोळीच्या पाकिटातील मासिक खंड, म्हणजे एकवीस दिवस गोळी आणि सात दिवस विश्रांती, यालाही इतिहास आहे. रॉक यांनी आरंभी वंध्यत्वाच्या उपचारासाठी आपल्या रुग्णांना संप्रेरके अखंड दिली, पाळी थांबली, आणि त्या बिचाऱ्या, ज्या मुलासाठी तळमळत होत्या, त्यांना दिवस गेल्याचा भास झाला. ही निराशा टाळण्यासाठी वीस दिवस औषध आणि मग खंड, अशी तजवीज निघाली. खंड पडला की संप्रेरके ओसरतात आणि थोडे रक्त जाते. तेव्हा गोळीवर असताना महिन्याला जी ‘पाळी’ येते ती निसर्गाची पाळी नव्हे, ती बेतलेली पाळी आहे. आमच्याकडील तपकिरी गोळ्या या सात दिवसांच्या आहेत. त्यांत लोहाखेरीज काही नाही. पण रक्त त्याच दिवसांत येते, म्हणून ‘तपकिरी गोळीनं पाळी येते’ असा समज गावोगाव रूढ आहे. कोणी त्या भीतीने टाकून देतात. टाकल्याने लोह बुडते ते बुडतेच. पण त्याहून मोठे नुकसान असे की दिवसांची मोजदाद सुटते आणि पुढचे पाकीट दोन-चार दिवस उशिरा सुरू होते. असा उशीर मात्र खरोखर धोक्याचा.

मग प्रश्न येतो की, दीडशे मायक्रोग्रॅमने डाग आवरत होते, तर तेच प्रमाण कायम का ठेवले नाही? कारण त्याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागत होती. गोळी घेणाऱ्या काही स्त्रियांच्या पायाच्या नीलांत, फुप्फुसांत रक्ताच्या गाठी होऊ लागल्या, काही दगावल्या. आणि या गाठींचा संबंध ईस्ट्रोजेनच्या मात्रेशी आहे हे स्पष्ट होताच ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९६९ च्या अखेरीस पन्नास मायक्रोग्रॅमहून अधिक ईस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळाव्यात असा सल्ला दिला. मात्रा उतरत गेली. आपल्या ‘माला-एन’मध्ये ईस्ट्रोजेन तीस मायक्रोग्रॅम आहे, त्याहूनही सौम्य, वीस मायक्रोग्रॅमच्या गोळ्या बाजारात आहेत. द्रव्ये निराळी असल्याने तुलना तंतोतंत होत नाही, पण उतार केवढा ते दिसते. आणि जसजशी मात्रा उतरली तसतसे डाग थोडे वाढले. म्हणजे आजच्या स्त्रीला पहिल्या तीन महिन्यांत जे डाग दिसतात, ते तिच्या आधीच्या पिढीने प्राणाचे मोल देऊन मिळविलेल्या सुरक्षिततेचा एक हप्ता आहे. हे तिला कोणी सांगते काय? ‘बाई, हा डाग तुझ्या गोळीत औषध बेताचे आहे म्हणून दिसतो’ असे वाक्य मी तरी माझ्या शिक्षकांच्या तोंडून कधी ऐकले नाही.

आपल्या देशाने या न सांगण्याची किंमत एकदा मोठ्या प्रमाणावर मोजली आहे. संततिनियमनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली हाती घेणारे आपण जगातील पहिले राष्ट्र. आणि १९६५ मध्ये तांबी नव्हे, तिच्या आधीचा ‘लूप’, म्हणजे गर्भाशयात बसवायचे प्लॅस्टिकचे वेटोळे, मोठ्या गाजावाजाने आणले गेले. उद्दिष्टांचे आकडे वरून आले, शिबिरे भरली, लाखो स्त्रियांना वेटोळी बसविली गेली. वेटोळ्याने रक्त अधिक जाते, पोटात दुखते, हे जाणणारे जाणत होते. पण उद्दिष्टाच्या कागदावर समजावून सांगण्याचा रकाना नव्हता. बाई घरी गेली, रक्त गेले, ती परत आली तेव्हा शिबिराचा तंबू उठलेला होता. मग जे व्हायचे तेच झाले. खुलाशाची जागा रिकामी होती, ती अफवांनी भरली, आणि दोन-तीन वर्षांत त्या साधनाची बदनामी अशी झाली की कित्येक गावांत पुढे तांबीलाही दारात उभे करीनात. साधन वाईट होते असे मी म्हणत नाही. सांगणारा नव्हता, एवढेच म्हणते.

येथे जरा विषयांतर करते. भाद्रपदात, गौरी यायच्या आठवडाभर आधी, आपल्या कोणत्याही शहरातील औषधाच्या दुकानात उभे राहून पाहा. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मागणाऱ्यांत सुना असतात, त्यांच्या सासवाही असतात. आणि पुष्कळदा सासूच सुनेसाठी घेऊन जाते. त्या गोळीत काय असते? नॉरएथिस्टेरोन. तेच ते, १५ ऑक्टोबर १९५१ चे, मेक्सिकोचे! बरे, गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत स्राव येतो, कधी नेहमीहून अधिक येतो, कधी मधेच डाग दिसतो. पण त्याची तक्रार घेऊन कोणी धावत येत नाही, कारण दुकानदाराने पुडी बांधतानाच सांगितलेले असते, ‘बंद केल्यावर तीन दिवसांनी येईल हं.’ गौरीसाठी घेतलेल्या गोळीचे रक्त सोवळे आणि स्वतःसाठी घेतलेल्या गोळीचे रक्त ओवळे, हा हिशेब मला आजवर उलगडलेला नाही. तरी त्या दुकानदाराचे मला कौतुक वाटते. जे मी सरकारी खुर्चीवर बसून केले नाही, ते तो गल्ल्यावर बसून करतो. (या गोळ्या सल्ल्यावाचून, दर सणाला घेऊ नयेत, हे मात्र डॉक्टर या नात्याने येथे नोंदवून ठेवते.)

आता व्यवहाराचे थोडे बोलते. ज्या घरात कोणी गोळी सुरू केली आहे किंवा करणार आहे, त्यांनी ते ध्यानात ठेवावे. नव्या थराची घडी बसेपर्यंतचे डाग सोडले, तर डागाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे गोळी चुकणे, किंवा आज रात्री आठला, उद्या मध्यरात्री, परवा सकाळी, अशी वेळ हलत राहणे. म्हणून गोळीला वेळ ठरवून द्यावी. देवापुढे दिवा लावण्याची, दात घासण्याची, कुकर लावण्याची, कोणतीही, पण एकच. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी आणि पुढची आपल्या वेळी घ्यावी. दोन किंवा अधिक चुकल्या तर गोळी चालू करून सात दिवस निरोधसारखे दुसरे साधनही वापरावे. उलट्या, जुलाब झाले तर गोळी अंगी लागत नाही. क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधे गोळीचा असर कमी करतात, आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा डाग हीच असते. आपल्या देशात क्षयाचे रुग्ण किती आहेत हे लक्षात घेता ही औषधे चालू आहेत काय, हा प्रश्न प्रत्येकीला विचारलाच पाहिजे. डाग आवरावा म्हणून स्वतःच्या मनाने दोन-दोन गोळ्या घेऊ नयेत आणि पाकीट मधेच सोडू नये.

आणि तीन महिन्यांची ही मुदत म्हणजे सरसकट माफीनामा नव्हे. दर तासाला कापड भिजावे इतके रक्त जात असेल, पोटात कळ किंवा ताप असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल, गोळ्या चुकल्या असून दिवस गेल्याची शंका असेल, किंवा तीन-चार महिने उलटूनही डाग चालूच असतील, तर तपासणी हवी. गर्भाशयमुखाचे आजार, जंतुसंसर्ग, क्वचित गर्भ, अशी कारणे गोळीच्या नावाखाली लपून बसतात. एका पायाला सूज आणि दुखणे, छातीत कळ, दम लागणे, पूर्वी कधी न झालेली डोकेदुखी, दृष्टीत अंधारी, यांचा डागाशी संबंध नाही. पण ती दिसली तर गोळी त्याच क्षणी बंद आणि दवाखाना गाठायचा. रक्तदाब असलेल्या, पस्तिशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या, गाठींचा किंवा विशिष्ट अर्धशिशीचा इतिहास असलेल्या, आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाजणाऱ्या स्त्रियांना ही मिश्र गोळी मुळात द्यायचीच नसते.

अलीकडे आशाताई दारोदार जाऊन एक रुपयात हे पाकीट देतात, ही मोठी गोष्ट आहे. त्यांच्याशी बोलताना मी एकच विनंती करते, की पाकीट हाती देताना ‘काही होत नाही’ असे म्हणू नका. काही होते. काय होते, किती दिवस होते, आणि केव्हा माझ्याकडे यायचे, एवढे सांगा. बाई ऐकते, समजते, आणि सांगितल्यावर घाबरत नाही. पुष्कळ डॉक्टरांना अजून भीती वाटते की आधी सांगितले तर बाई गोळी घेणारच नाही. माझा अनुभव अगदी उलटा आहे. ज्या बायकांना मी आधी सांगितले त्या डाग दिसल्यावर आल्या, पण गोळी परत करायला आल्या नाहीत. ‘तुम्ही म्हणालात तसंच झालं’ म्हणायला आल्या. आणि त्यांच्या स्वरात, खरे सांगते, जराशी प्रौढीच असे, जणू शकुन खरा ठरला.

शेवटची एक गोष्ट. मी हल्ली केसपेपरच्या मागच्या बाजूला तीन महिन्यांचे चौकोन पेन्सिलीने आखून देते आणि डाग दिसेल त्या दिवशी टिंब करायला सांगते. गेल्या वर्षी एक नवी नवरी आली होती, सोबत सासू. चौकोनांचा कागद घरातल्या कोणा मुलाने होडी करून पाण्यात सोडला, म्हणून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरची तीन पानेच फाडून आणली होती. मी चष्मा लावून टिंबे मोजू लागले. पहिल्या पानावर नऊ, दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावर पुन्हा सात. मी जरा काळजीत पडले. तिसऱ्या महिन्यात वाढले कसे? पुढची तपासणी लिहायला पेन उचलले, तोच सासूबाई पुढे झाल्या, पानावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘बाई, हे एकच टिंब तिचं. बाकी सहा दुधाच्या खाड्याची आहेत.’